कुलूप ज्याचं त्यानं

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तो एका सात मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात होता. खड्डा म्हणजे माणूसभर खोल, चारी बाजूंनी सिमेंट, तळाशी तेलकट ओल आणि डोक्यावर लिफ्टची पेटी. उतरण्याआधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच पाडायचा, आपण खाली असताना कुणी वीज चालू करू नये म्हणून त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि फोन तिथंच पिशवीत ठेवायचा, हा त्याचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. फोन खाली नेला की लक्ष जातं आणि लक्ष गेलं की बोट जातं, असं तो म्हणायचा. दाखला म्हणून फोरमनची डावी करंगळी होतीच, म्हणजे नव्हती. सकाळी साडेदहाला उतरला तो दोनच्या पुढं वर आला. हात पुसले, सात मजले चढून गच्चीवर गेला, पिशवी उघडली. अकरा मिस्ड कॉल. पहिला अकरा चाळीसचा, शेवटचा एक वाजून पाच मिनिटांचा, आणि त्यानंतर एकही नाही. आकडा वाचून त्याला काही वाटलं नाही. पण एक-पाचनंतर सगळे थांबले होते. उलट फोन लावायच्या आधीच तो जिने उतरायला लागला होता.

बायको बसगाड्यांची वेळापत्रकं करणाऱ्या कचेरीत कामाला होती. साडेअकराच्या सुमाराला डोकं धरून बसली, तिथून दवाखाना, आणि एक वाजता सगळं आटोपलेलं. डोक्यात रक्तवाहिनी फुटली होती. शेजारच्या टेबलावरची बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा हात धरून म्हणाली, "पहिला फोन तिनं स्वतः लावला होता तुम्हाला. बाकीचे आम्ही." सांगायला नको होतं, हे बाईला सांगून झाल्यावर कळलं. तिनं हात सोडला, मग पुन्हा धरला.

त्या धांदलीत त्याचं कुलूप मेन स्विचला तसंच राहिलं. दोन दिवस त्या इमारतीची लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीत बसवून उतरवावं लागलं, रहिवाशांनी फोरमनला धारेवर धरलं, पण फोरमननं कुलूप तोडलं नाही. तिसऱ्या दिवशी हाच दाढी वाढलेल्या चेहऱ्यानं तिथं गेला. फोरमन जिन्यात बसला होता. "कुलूप ज्याचं त्यानं काढायचं," फोरमन म्हणाला. "तू येणार हे माहीत होतं. दोन दिवस लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पोट भरलं." त्यानं खिशातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, स्विच वर केला. खाली कुठंतरी पेटी हलली. सगळं ठीकठाक चालू झालं याचा त्याला राग आला.

तिला जाऊन आता सात महिने झाले होते. माणूस सवयीनं जगतो म्हणतात, पण घरात त्याला एका जागी बसवत नसे. चहा घेऊन उभा राही, पेपर घेऊन फेऱ्या मारी, न्हाणीघराचा नळ नीट बंद आहे ना ते दोनदा बघे. मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर अजून चालूच होता. ती गेली त्या सकाळी चालू ठेवून गेली होती, आणि त्यानं तो एकदाही बंद केला नाही. बंद केला तर परत उघडताना पासवर्ड मागेल आणि तो तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून वीज जायची चिन्हं दिसली की तो अस्वस्थ होऊन कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा तपासत बसे. रोज संध्याकाळी धूळ पुशी. पंख्याची घरघर ऐकून मशीनची तब्येत सांगणं त्याचा धंदाच, आणि हा कॉम्प्युटरमधला पंखा थकत चालला होता. घर्र, मग क्षणभर गप्प, मग पुन्हा घर्र. त्या गप्प क्षणाला तो जिथं असेल तिथं थांबे.

तिचा हा नाद लग्नानंतरचा. पुस्तकं वाचून, चुकत, रडत, स्वतःवरच चिडत ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. पोटासाठी नव्हे. कचेरीतून आली की बायका टीव्ही लावतात तशी ही पडद्यावर काळी खिडकी लावून बसायची आणि टिकटिक टिकटिक. शनिवारी दुपारी तिची मंडळी यायची: तिचा धाकटा भाऊ, एक दातांची डॉक्टरीण आणि ग्रंथालयातला एक उंच कारकून. चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसून खेळायची. खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, डॉक्टरीण गोष्ट पुढं न्यायची, "समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता?" असं विचारायची, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. तो पहिल्यांदा दारात उभा राहून पाच मिनिटं बघत होता. म्हणाला, "चाळिशीची माणसं भातुकली खेळताय." ती म्हणाली, "ये ना, तुलाही भांडी देते." सगळी हसली. तो आतल्या खोलीत जाऊन पडला, आणि पुढची अकरा वर्षं दर शनिवारी भिंतीपलीकडून ते हसणं ऐकत पडून राहिला. दोन-तीनदा ती बोलवायला आली. मग यायची थांबली.

कुणाची पाळी कधी, हे त्या खेळात सारखं विसरायला व्हायचं आणि भांडणं व्हायची, म्हणून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'आता कोण'. खुर्चीचा नंबर आणि नाव घालायचं, तो एकेकाला हाक मारतो, बस. तो तिनं इंटरनेटवर सगळ्या जगासाठी उघड्यावर ठेवला. त्याला हे पटलं नव्हतं. "एवढं रात्रंदिवस खपलीस आणि फुकट वाटलंस?"

"फुकट नाही रे, मोकळं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं, पुढच्याला द्यावं. एवढीच अट की पुढच्यानंही दार लावून घ्यायचं नाही."

"आणि कुणी मोडलं तर?"

"तर दुसरा कुणी दुरुस्त करेल. तुझ्या लिफ्टसारखं नाही, एकाच कंपनीचा माणूस येईपर्यंत लोक जिने चढतायत."

त्याला ते लागलं होतं. दोन दिवस तो बोलला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तो एरवीही फारसं बोलत नसे.

पाचव्या महिन्यात एका रविवारी धूळ पुसताना पडदा उजळला आणि एक पत्र समोर आलं. लिहिणारी दूर कुठल्यातरी वृद्धाश्रमातली परिचारिका होती. तिथले बारा म्हातारे हाच खेळ खेळत आणि पाळीसाठी 'आता कोण' वापरत. पण दोन नंबरच्या खुर्चीवरच्या मास्तरांची पाळी नेहमी पाचवी येई. परिचारिकेनं रात्रपाळीत आत शिरून कारण शोधलं होतं: प्रोग्रॅम आकड्यांना अक्षरांसारखं वाचत होता. दहाची सुरुवात एकनं होते, म्हणून एकच्या मागं दहा, अकरा, बारा, आणि मग कुठं दोन. तिनं दोन ओळींची दुरुस्ती करून सोबत जोडली होती. 'तुम्ही तपासून मान्य केलंत की सगळ्यांनाच मिळेल. घाई नाही, ताई. मास्तर मात्र रोज मला शिकवायला उठतात.'

त्यानं ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. चौघांच्या टेबलावर दहाव्याचा विचार कोण करणार? चूक तिचीच होती, पण काय साधी चूक. मग त्याच्या लक्षात आलं की वरती अशी आणखी सात-आठ पत्रं आहेत. कुणी आभार मानलेत, कुणी शंका विचारल्यात. आणि त्यातल्या एकालाही माहीत नाही. त्यांच्या लेखी ती आहे, फक्त उत्तर द्यायला उशीर करतेय. दवाखान्यानं, कचेरीनं, नातेवाइकांनी, सगळ्यांनी तिला मिटवून टाकलं होतं. ही एक जागा तेवढी उरली होती जिथं ती कामात होती. त्यानं खुर्ची ओढली, पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या खुर्चीवर बसला, आणि एका बोटानं टाइप केलं, 'मिळालं. बघते. थोडा वेळ लागेल.' पाठवून झाल्यावर त्याच्या काखेत घाम आला होता. चोरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

मग दर पंधरा दिवसांनी पत्र येऊ लागलं. मास्तरांनी आता अकराव्या खुर्चीवाल्या आजींशी अबोला धरलाय. दहा नंबरच्या आजी म्हणतात, प्रोग्रॅमला बायकांची कदर आहे. तुमच्यामुळं इथं दुपारी झोप कुणी घेत नाही, ताई. तो उत्तर देई, 'बघते.' 'कामात आहे.' 'आठवड्यानं.' वाक्य लिहिण्याआधी तो डोळे मिटून ती कसं म्हणाली असती ते ऐकायचा प्रयत्न करी. आधी ऐकू यायचं. अलीकडे येईना. आता तिथं त्याचाच आवाज होता, जाडा, तुटक, बायकी क्रियापदं लावलेला. हे कळल्यापासून त्याची झोप उडाली. आपण तिला तिथं जिवंत ठेवतोय की दुसऱ्यांदा पुसतोय, याचा त्याला हिशोब लागेना.

त्या शनिवारी सकाळी जे पत्र आलं ते थोडक्यात होतं. 'ताई, मास्तर आजारी आहेत. बरे होऊन टेबलाशी आले तर दुसऱ्या पाळीवर बसवीन असा शब्द दिलाय. कायद्यानं मी तुमची प्रत घेऊन वेगळ्या नावानं चालवू शकते, तुम्हीच तशी मुभा दिली आहे. पण तुम्ही असताना ते तुमच्या ताटातलं ओढल्यासारखं होईल. तेव्हा एक शब्द कळवा.' तुम्ही असताना. तो उठला, गॅलरीत गेला, परत आला. नळ बघितला. पुन्हा वाचलं.

दुपारी मेव्हणा आणि डॉक्टरीण आली. सात महिन्यांत पहिल्यांदाच. उंच कारकुनाची बदली झाली होती. दोघं टेबलाशी पाहुण्यांसारखी खुर्चीच्या कडेवर बसली. चहा झाला. मेव्हण्यानं घसा साफ केला.

"भावोजी, ताईचा कागद न्यायला आलो होतो. तिच्या सोंगाचा. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"कसला कागद?"

डॉक्टरीण म्हणाली, "आमच्यात एक रीत आहे. कुणी शनिवारी आलं नाही, तर त्याचं सोंग फाटकाशी पहाऱ्यावर उभं राहतं. बाकीचे आत जातात. त्याला काही होत नाही, कुणी मारत नाही. तो नुसता उभा." ती थांबली. "तिचा मुका सात महिने उभा आहे. आम्हाला पुढं खेळवेना. आणि त्याला मारून टाकणंही होईना."

"मुका?"

मेव्हण्यानं बहिणीच्या खणातून एक मळकट फाइल काढली, त्याला जागा माहीत होती. आतला कागद कोपऱ्यांवर पिवळा पडला होता. तिचंच बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर. *मुका. धंदा: बंद पडलेलं चालू करणे. सामान: पाना, तेलाची कुपी, एक लाल कुलूप. बोलणं: शून्य. उणीव: हाक मारली तर ऐकू येईलच असं नाही. फाशावर पाच किंवा सहा पडलं तरच ऐकू येतं. गुण: ऐकू आलं की येतोच.*

त्यानं कागद टेबलावर ठेवला. सरळ केला. पुन्हा सरळ केला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मेव्हणा चकित झाला. "भावोजी, अकरा वर्षं! आम्ही तर समजत होतो तुम्ही आतून ऐकताय. ताई म्हणायची, हळू बोला, मूळ मालक झोपलाय."

"हसत होतात तुम्ही."

"तुम्हाला नाही," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणजे, तुम्हालाही. कधी तीन-तीनदा फासा टाकायची, दोन पडायचे, एक पडायचा. म्हणायची, आहे तो, खड्ड्यात असेल, येईल. आणि तिनं दुसरं सोंग कधी घेतलंच नाही. मी किती सांगितलं, राणी हो, चेटकीण हो. नाही."

अकरा वेळा. त्याला गच्चीवरची ती पिशवी दिसली, तिच्या आत उजळणारा आणि विझणारा फोन, आणि खाली स्वतःच्या हातातला पाना. पहिला फोन तिनं स्वतः लावला होता. खड्ड्यात असेल, येईल. तो ताडकन उठला आणि मागच्या खोलीत गेला. दोघं घाबरून मागोमाग आली. पडद्यावर पत्र उघडंच होतं. मेव्हण्यानं वाचलं, पडदा वर सरकवला, मागची उत्तरं वाचली. त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"हे 'बघते, बघते' कोण लिहितंय?"

त्यानं टाइप करणारं बोट मुठीत झाकून घेतलं.

"तुम्ही ताईच्या नावानं लिहिलंत? दोन महिने? ती बाई तिकडं वाट बघतेय, भावोजी! ताईनं कधी कुणाचं पत्र आठवडाभर ठेवलं नाही. तापात उठून उत्तरं द्यायची. आणि तुम्ही तिला लोकांत, काय म्हणू, टाळाटाळ करणारी करून ठेवलंत."

"तिथं ती आहे अजून," तो म्हणाला. एवढंच बाहेर आलं.

"नाही ना पण," मेव्हणा म्हणाला आणि त्याचाच आवाज फाटला. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. डॉक्टरीण पंख्याची घरघर ऐकत राहिली. घर्र, गप्प, घर्र.

त्याला फोरमनची आठवण झाली. कुलूप ज्याचं त्यानं काढायचं, हे खरं. पण त्याच्या धंद्यात त्याला एक पोटकलम होतं, सव्वीस वर्षांत एकदाच वापरलेलं. कुलूपवाला येणंच शक्य नसेल तर फोरमननं स्वतः खड्ड्यात उतरायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं की माणूस खाली नाही, कागदावर तारीख-वेळ घालून तसं लिहायचं, सही करायची आणि मगच कुलूप तोडायचं. त्या वेळी फोरमननं तीनदा बॅटरी मारून खड्डा बघितला होता. "खाली कुणी नाही हे लिहिण्याइतकी जड गोष्ट नाही," तो वर येऊन म्हणाला होता. "पण लिहिल्याशिवाय वरच्यांना चढूउतरू देता येत नाही."

"आधी तपासू," तो म्हणाला. "न तपासता दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही." मेव्हण्यानं डोळे पुसले, परिचारिकेची प्रत उतरवून घेतली आणि चालू केली. बारा नावं घालायची होती. पहिल्या चार खुर्च्या टेबलाच्याच होत्या, डॉक्टरीण, मेव्हणा, उंच, मुका. पाचवर फोरमन. मग त्याला माणसं आठवेनात, आपल्याला एवढीच माणसं आहेत याचं त्याला नवल वाटलं. शेजारच्या टेबलावरची बाई घातली, सातव्या मजल्यावरचे आजोबा घातले, परिचारिका, मास्तर, दहावर त्या आजी. अकरावर सासूबाई. बारावी खुर्ची रिकामी राहिली. मेव्हण्यानं काही न विचारता तिथं 'ताई' लिहिलं. आधी जुना प्रोग्रॅम चालवला. एक, दहा, अकरा, बारा, मग दोन. म्हणजे मेव्हण्याआधी ताईची पाळी. "नेहमीचंच," मेव्हणा म्हणाला, आणि तिघंही हसली, रडकी. मग नवा. एक, दोन, तीन, चार, ओळीनं बारापर्यंत. ती शेवटी आली. तिच्यानंतर प्रोग्रॅम क्षणभर थांबला आणि पुन्हा एकवर गेला. त्यानं तीनदा चालवून बघितला. तिन्ही वेळा बरोबर.

मग तो लिहायला बसला. एका बोटानं, मेव्हण्याला हात लावू न देता.

'वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. हे ज्यांनी बनवलं त्या इथं नाहीत. सात महिन्यांपूर्वी वारल्या. मी स्वतः बघितलं आहे. मधली उत्तरं त्यांनी दिली नाहीत, मी दिली. ते चुकलं. पत्र ठेवून द्यायची त्यांना सवय नव्हती. तुमचं काम बारा नावं घालून तपासलं, बरोबर आहे. मान्य करतो. पुढं हे तुम्ही सांभाळा, नाव तेच ठेवलंत तर बरं. मास्तरांना नमस्कार. त्यांचे पती, लिफ्ट मेकॅनिक.'

पाठवलं. मेव्हण्यानं दाखवलेल्या जागी 'स्वीकारा' दाबलं, परिचारिकेचं नाव सांभाळणाऱ्यांत घातलं. काही आवाज झाला नाही. लिफ्टच्या स्विचला निदान खटका असतो. मग त्यानं आपण होऊन कॉम्प्युटर बंद केला. पंखा दोन श्वास फिरला आणि थांबला. खोली इतकी शांत झाली की डॉक्टरीण म्हणाली, "खिडकी उघडू का?"

टेबलाशी परत आल्यावर डॉक्टरिणीनं पर्समधून फासा काढून मध्ये ठेवला. मेव्हण्यानं मुक्याचा कागद त्याच्यासमोर सरकवला. "फाटकाशी आहे तो. आत घ्यायचा तर कुणीतरी हाक मारायला हवी, मग फासा. पाच किंवा सहा." कुणी हाक मारली नाही. मेव्हण्यानं फासा उचलला, मुठीत गरम केला आणि परत ठेवला. ह्यानं त्या फाशाकडं बघितलं. चार पडले तर, या विचारानं त्यानं हात टेबलाखाली घेतले. अंधारून यायच्या आत दोघं निघाली. डॉक्टरिणीनं फासा मुद्दाम तिथंच ठेवला. "पुढच्या शनिवारी," ती दारातून म्हणाली. तो "बरं" म्हणाला.

त्या गोष्टीला आता चार शनिवार झाले. दर शनिवारी ती दोघं येतात, चहा होतो, हा टेबलाशी बसतो, आत जाऊन पडत नाही. परिचारिकेचं उत्तर मेव्हण्यानं आपल्या फोनवर दाखवलं: मास्तर टेबलाशी आले, दुसऱ्या पाळीवर खेळले. मुका अजून फाटकाशी उभा आहे. त्याला हाक मारायची राहिली आहे.